सॅलेनच्या कॉपर कॉम्प्लेक्सचा झोन मोठा आलाय: कॉम्प्लेक्समुळे की नुसत्या कॉपरमुळे?

पिवळे_स्फटिक विचारते:

नमस्कार मंडळी. एमएस्सी इनऑरगॅनिकचा प्रोजेक्ट लिहायला घेतलाय आणि चर्चेच्या प्रकरणात येऊन अडकलेय.

सॅलिसिलाल्डिहाइड आणि इथिलीनडायअमिन २:१ मोल प्रमाणात इथेनॉलमध्ये घेऊन शिफ बेस (अल्डिहाइड आणि अमिन जुळून होणारं, सी=एन बंध असलेलं संयुग) केला. डायअमिनचे थेंब पडायला लागल्याबरोबर पिवळेधमक स्फटिक आले, ॲसिटिक ॲसिडची गरजच पडली नाही. वितळणबिंदू १२६ ते १२८ अंश सेल्सिअस, म्हणजे नेहमीचा सॅलेन. मग गरम मिथेनॉलमध्ये हा लिगँड (धातूला धरणारा रेणू) विरघळवून वेगवेगळ्या फ्लास्कमध्ये कॉपर, निकेल आणि झिंक ॲसिटेट घातलं. रिफ्लक्स केलं, गाळलं, थोड्या थंड मिथेनॉलने धुतलं, डेसिकेटरमध्ये ठेवलं. निकेलचं केशरी-लाल, कॉपरचं हिरवट, झिंकचं फिकट पिवळं. निकेलचं गुय बॅलन्सवर (चुंबकीय गुण मोजायचा तराजू) डायमॅग्नेटिक आलं, कॉपरचं १.८ बोर मॅग्नेटॉनच्या जवळपास.

अँटिबॅक्टेरियल टेस्ट वेल डिफ्युजनने केली (अगारमधल्या खड्ड्यात द्रावण घालायचं; भोवती जंतू वाढत नाहीत त्या वर्तुळाचा व्यास म्हणजे झोन). सगळे नमुने डीएमएसओ या द्रावकात १ मिग्रॅ प्रति मिली, ८ मिमीच्या वेलमध्ये १०० मायक्रोलिटर. स्टॅफिलोकॉकस ऑरियसवर लिगँड १० मिमी, निकेल ११, झिंक १२ आणि कॉपर थेट १७. ई. कोलायवर सगळेच थोडे कमी, पण क्रम तोच. नुसत्या डीएमएसओला झोन नाही. सिप्रोफ्लॉक्सॅसिनची ५ मायक्रोग्रॅमची डिस्क तिशीच्या पुढे गेली.

मॅडम म्हणतात, "चिलेशनमुळे धातूची ध्रुवीयता कमी होते, लिपोफिलिसिटी वाढते, रेणू पेशीपटलातून आत शिरतो, हे लिही आणि पुढे जा." (चिलेशन म्हणजे लिगँडने धातूला एकाहून जास्त ठिकाणी पकडणं, लिपोफिलिसिटी म्हणजे मेदात विरघळण्याची ओढ.) वाचलेल्या प्रत्येक पेपरात हाच परिच्छेद आहे, जवळजवळ शब्दाला शब्द. पण कॉपर तर तसंही जंतुनाशक आहे. व्हायवाला कुणी विचारलं की हे कॉम्प्लेक्सचं काम कशावरून, नुसत्या कॉपरचं का नाही, तर माझ्याकडे उत्तर नाही. लॅबमध्ये आयआर, यूव्ही-व्हिजिबल आणि कंडक्टिव्हिटी मीटर आहे. एनएमआर बाहेर पाठवावा लागतो. एवढ्यात काय करता येईल?

रिफ्लक्स_रात्रपाळी:

जास्त विचार करू नकोस. एमएस्सीचा प्रोजेक्ट आहे, पीएचडी नाही. व्हायवाला भूमिती, मॅग्नेटिक मोमेंट आणि आयआरवरच घोळ घालतात, जंतूंच्या प्रकरणापर्यंत कुणी पोचत नाही. चिलेशन थिअरी लिही, दोन संदर्भ दे, संपलं. सगळे तेच करतात.

जुना_कंडेन्सर:

सगळे तेच करतात, हाच तर त्या परिच्छेदाचा इतिहास आहे. त्यातला "ओव्हरटोन"चा सिद्धांत घ्या. तो माणूस ओव्हरटन. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याने पेशीत काय शिरतं आणि मेदात काय विरघळतं यांचा संबंध दाखवला. कुणीतरी इंग्रजी नावाच्या शेवटी एक अक्षर जास्त लावलं आणि ते आजतागायत पेपरामागून पेपरात फिरतंय. मूळ लेख उघडून पाहणारे किती असतील ते यावरून समजा.

पिवळे_स्फटिक, तुमची शंका रास्त आहे, आणि तिचं अर्धं उत्तर तुमच्याच आकड्यांत पडलेलं आहे. निकेल सॅलेनचा रेणुभार ३२५, कॉपर सॅलेनचा ३३०. दोन्ही उदासीन, दोन्ही स्क्वेअर प्लेनर (निकेलचं डायमॅग्नेटिक आलं म्हणजे ते नक्कीच), लिगँड तोच, बाहेरून पटलाला दिसणारा पृष्ठभाग जवळजवळ तोच. यांच्या लिपोफिलिसिटीत मोठा फरक पडावा असं काही कारण दिसत नाही. मग लिपोफिलिसिटीमुळे झोन येतो म्हणावं, तर निकेलला ११ आणि कॉपरला १७ का? तो परिच्छेद तुमच्याच तक्त्यापुढे टिकत नाही. लिहायचाच असेल तर निदान ऑक्टॅनॉल आणि पाण्यात वाटणी करून लॉग पी (लिपोफिलिसिटीचं माप) मोजा. यूव्ही आहे, म्हणजे ते जमेल. न मोजलेल्या गुणधर्मावर अख्खी चर्चा उभी करण्यात मला तरी अर्थ वाटत नाही.

आता वेलमध्ये खरोखर काय गेलं ते बघू. थोड्या थंड मिथेनॉलने धुतलं असं तुम्ही लिहिलंय, तिथेच मी थबकलो. कॉपर ॲसिटेट थंड मिथेनॉलमध्ये फार विरघळत नाही. गरम मिथेनॉलमध्ये आणि पाण्यात बऱ्यापैकी जातं. कॉम्प्लेक्स पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. तेव्हा पूड आधी पाण्याने धुवा, मग गरम मिथेनॉलने, आणि दर वेळी गाळणातून उतरलेल्या पाण्याच्या काही थेंबांवर अमोनिया टाका. निळा रंग चढला की कॉपर अजून सुटतंय. रंग चढेनासा होईपर्यंत धुवायचं. कंडक्टिव्हिटी कमी आली म्हणून निर्धास्त राहू नका. डीएमएफ या द्रावकात १:१ इलेक्ट्रोलाइटची मोलर कंडक्टिव्हिटी गियरीच्या १९७१ च्या तक्त्याप्रमाणे ६५ ते ९० येते, तुमची त्याच्या कितीतरी खाली येईल. पण कॉपर ॲसिटेटही तिथे मोकळं होऊन आयन देत नाही, ॲसिटेट धातूला धरूनच बसतं. त्यामुळे भेसळ असली तरी मीटर गप्प राहील.

शुद्धतेचा खरा पुरावा टक्केवारी. कॉपर सॅलेनमध्ये कॉपर १९.२७ टक्के, कार्बन ५८.२६, हायड्रोजन ४.२८, नायट्रोजन ८.४९ यायला हवा. कार्बन-हायड्रोजन-नायट्रोजनला बाहेर पाठवावं लागेल, पण कॉपर तुम्ही तुमच्या लॅबमध्येच काढू शकता: नायट्रिक ॲसिडने पूड पूर्ण जाळून घ्या, नायट्रस वाफा नीट उकळून घालवा, मग आयोडोमेट्री (कॉपरने मोकळं केलेलं आयोडीन टायट्रेशनने मोजणं). कॉपर ॲसिटेटच्या मोनोहायड्रेटमध्ये कॉपर ३१.८ टक्के असतं, म्हणून भेसळ असेल तर आकडा १९.२७ च्या वर सरकतो.

आयआरबद्दल एक आगंतुक सल्ला. ॲझोमेथाइनचा (सी=एन बंधाचा) पट्टा कॉम्प्लेक्समध्ये खाली सरकतो हे वाक्य डोळे मिटून लिहू नका. सॅलेनच्या मोकळ्या लिगँडमध्ये नायट्रोजन आधीच फिनॉलच्या हायड्रोजनशी बांधलेला असतो, पट्टा १६३५ च्या आसपास. धातू आला की तो बंध सुटतो आणि नवा जुळतो, त्यामुळे सरकणं फार थोडं असू शकतं, कधी उलट्या दिशेनेही. तुमच्या आलेखात जे दिसतं तेच लिहा. फिनॉलिक सी-ओचा १२८० च्या जवळचा पट्टा वर गेला का ते बघा, ती खूण मला जास्त भरवशाची वाटते.

आणि कंट्रोल. तुमच्या तक्त्यात मोकळं मीठ (नुसतं कॉपर ॲसिटेट) नाही, सगळ्यात मोठी उणीव ती आहे. पण सगळं १ मिग्रॅ प्रति मिली घेऊ नका, कॉपर सारखं हवं. कॉम्प्लेक्सचं १ मिग्रॅ प्रति मिली म्हणजे ३.०३ मिलिमोलर. तेवढंच कॉपर हवं तर ॲसिटेट मोनोहायड्रेट ०.६०५ मिग्रॅ प्रति मिली घ्यावं लागेल, आणि लिगँड ०.८१. तुम्ही लिगँड १ मिग्रॅ घेतलात, म्हणजे मोलच्या हिशेबात कॉम्प्लेक्सपेक्षा जास्त घेऊनही तो १० वरच थांबला.

तिसरा कंट्रोल कुणीच लावत नाही: सॅलिसिलाल्डिहाइड. ह्यूगो शिफने १८६४ मध्ये ही अभिक्रिया मांडली, तेव्हापासून ती उलटीही जाते. इमिनला (त्याच सी=एन बंधाला) पाणी मिळालं की अल्डिहाइड आणि अमिन परत. तुमचा लिगँड ओल्या अगारमध्ये, ३७ अंशांवर, रात्रभर बसलेला असतो. सॅलिसिलाल्डिहाइड स्वतः जंतूंना त्रास देतं. तेव्हा लिगँडचा तो १० लिगँडचाच आहे हेही गृहीत धरू नका. पूर्ण फुटला असं मानलं तर ०.७४ मिग्रॅ प्रति मिली अल्डिहाइड होईल, तेवढं एका वेलमध्ये घाला.

कॉपरचं कॉम्प्लेक्स फुटतंय का ते यूव्हीवर दिसेल. डीएमएसओमधल्या ३ मिलिमोलर द्रावणाचा डी-डी पट्टा (कॉपरच्या स्वतःच्या इलेक्ट्रॉन्सचा) ५७० नॅनोमीटरच्या आसपास असतो. आज घ्या, थोडं पाणी घालून ३७ अंशांवर ठेवून उद्या घ्या. पट्टा जागच्या जागी, तेवढ्याच उंचीचा असेल तर निदान डीएमएसओच्या बाटलीत तरी कॉम्प्लेक्स शाबूत आहे असं म्हणता येईल. साका बसला तर पाणी कमी करा, गढूळ द्रावणाचा स्पेक्ट्रम घेऊन उपयोग नाही.

रिफ्लक्स_रात्रपाळी:

मान्य, पण मिठाचा कंट्रोल तरी न्याय्य कुठे आहे? मीठ लहान, पाण्यात विरघळणारं, अगारमध्ये झपाट्याने पसरणार. कॉम्प्लेक्स वेलच्या भिंतीलाच साका होऊन बसणार. मग मिठाचा झोन मोठा आला म्हणून कॉम्प्लेक्स कुचकामी ठरवायचं?

पेट्रीताट:

मी मायक्रोबायोलॉजीची. रसायनवाले आमच्याकडे बाटल्या घेऊन येतात आणि "सर्वात मोठा झोन कुणाचा?" एवढंच विचारतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

रात्रपाळी म्हणताहेत ते बरोबर आहे, आणि ते दोन्ही बाजूंना लागू होतं. झोन म्हणजे मारकशक्ती आणि पसरण्याचा वेग यांची मिळून झालेली गोष्ट. दोन वेगळे पदार्थ झोनच्या मिलिमीटरवर एकमेकांशी तोलता येत नाहीत, मग ते मीठ-कॉम्प्लेक्स असो की कॉम्प्लेक्स-सिप्रो. शिवाय झोन आणि मात्रा यांचं नातं लॉगरिदमिक असतं. झोन दोन मिलिमीटरने कमी आला म्हणजे शक्ती तेवढ्याच प्रमाणात कमी, असं नसतं.

सिप्रोबद्दल एक गंमत. तिचा रेणुभार ३३१, म्हणजे योगायोगाने तुमच्या कॉपर कॉम्प्लेक्सएवढाच. त्यामुळे मिग्रॅची तुलना आयतीच मोलची तुलना होते. तुमच्या वेलमध्ये १०० मायक्रोग्रॅम होतं, डिस्कमध्ये ५. वीसपट माल घालून झोन निम्मा आला. आणि ई. कोलाय एटीसीसी २५९२२ (चाचणीचा प्रमाणित वाण) वर सिप्रोचा एमआयसी (वाढ थांबवणारी सर्वांत कमी मात्रा) ०.००४ ते ०.०१६ मायक्रोग्रॅम प्रति मिली अपेक्षित असतो. म्हणून "प्रमाणित औषधाच्या तोडीची क्रियाशीलता" हे वाक्य कृपा करून लिहू नका, ते वाचलं की आमच्या विभागात हशा पिकतो.

तोलायचंच असेल तर ब्रॉथ मायक्रोडायल्यूशन करा. ९६ खड्ड्यांची प्लेट, म्युलर-हिंटन ब्रॉथ (जंतू वाढवायचं द्रव माध्यम), जंतू ५ गुणिले १० चा पाचवा घात प्रति मिली, १६ ते २० तास. डीएमएसओ शेवटी १ टक्क्याच्या वर जाऊ देऊ नका आणि तेवढ्याच डीएमएसओचा जंतूंसह कंट्रोल लावा. तुमचे पदार्थ रंगीत आहेत आणि ब्रॉथमध्ये साका होणार हे जवळपास नक्की, त्यामुळे गढूळपणा बघून एमआयसी सांगणं धोक्याचं. प्रत्येक मात्रेला जंतू नसलेला एक खड्डा ठेवा. रेझाझुरिन घातलंत (जंतू जिवंत असतील तर निळ्याचं गुलाबी) तर तेही त्या बिनजंतूच्या खड्ड्यात घालून बघा, कारण धातूची कॉम्प्लेक्स कधीकधी स्वतःच रंग बदलवतात. सगळ्यात खात्रीचं म्हणजे स्वच्छ दिसणाऱ्या खड्ड्यांतला थेंब साध्या अगारवर पसरून वसाहती मोजणं. एमबीसी त्यातूनच निघतो: ९९.९ टक्के जंतू मेले ती सर्वांत कमी मात्रा.

आणखी एक, जे कॉपरवाल्यांना हमखास ठाऊक नसतं. म्युलर-हिंटनमध्ये केसीनचं ॲसिड हायड्रोलायझेट लिटरला १७.५ ग्रॅम असतं, म्हणजे अमिनो आम्लांचा सुकाळ. मोकळं कॉपर त्यात पडल्याबरोबर त्यांना चिकटतं. म्हणजे मिठाच्या वेलमध्येही तुम्ही मोकळं कॉपर तपासत नसून अमिनो आम्लांचं कॉपर तपासत असता. ई. कोलायकडे तर कॉपर बाहेर फेकणारा कोपए पंप आणि क्यूओ हे एन्झाइम दोन्ही आहेत, त्यामुळे पेशीत शिरलेलं कॉपर तिथे टिकतंच असं नाही. ग्रॅम-निगेटिव्हवर (म्हणजे ई. कोलायवर) तुमचे झोन लहान आले याचं कारण मात्र मी आधी बाहेरच्या पटलात शोधेन. तिथल्या पोरिनमधून (प्रथिनांच्या छिद्रांतून) साधारण ६०० डाल्टनपर्यंतचे पाण्यात रमणारे रेणू जातात. तुमचं कॉम्प्लेक्स आकाराने बसतं, स्वभावाने नाही.

पिवळे_स्फटिक:

सगळ्यांचे आभार. जेवढं जमलं तेवढं करून आले.

अमोनियाची चाचणी केली. पाण्याने पहिल्यांदा धुतलं तेव्हा गाळण निळं झालं, बऱ्यापैकी निळं. नंतर गरम मिथेनॉल, पुन्हा पाणी, रंग चढेनासा होईपर्यंत. आयोडोमेट्रीने धुण्याआधीच्या पुडीत कॉपर २१ टक्क्यांच्या वर होतं, आता १९.४ येतंय.

नवीन प्लेट, तोच स्टॅफ: धुतलेलं कॉम्प्लेक्स १३ मिमी, सारख्या कॉपरचं ॲसिटेट १६, सॅलिसिलाल्डिहाइड ११, लिगँड १०. यूव्हीचा पट्टा दुसऱ्या दिवशीही तिथेच होता. मायक्रोडायल्यूशनसाठी प्लेट मिळायला वेळ लागेल.

मॅडमना दाखवलं. आधी त्या काहीच बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "आता प्रबंधात लिहायचं काय?" तोच प्रश्न मी इथे विचारतेय. १७ चे १३ झाले, म्हणजे प्रोजेक्ट बसलाच ना?

जुना_कंडेन्सर:

बसला कसा? आधीचा १७ कुणाचा होता हे तुम्हाला आता माहीत आहे. १३ हा तुमच्या कॉम्प्लेक्सचा पहिला खरा आकडा.

असं लिहा. अशुद्ध आणि शुद्ध, दोन्ही पुड्यांची कॉपरची टक्केवारी आणि झोन शेजारी-शेजारी द्या. हा तक्ता प्रबंधातला सगळ्यात वाचनीय भाग होईल, कारण तो सहसा कुणी देत नाही. मग सरळ सांगा: सारख्या कॉपरच्या मात्रेत ॲसिटेटचा झोन कॉम्प्लेक्सपेक्षा मोठा आहे, तेव्हा चिलेशनने क्रियाशीलता वाढली असा पुरावा या चाचणीत मिळाला नाही. त्याला लागूनच पेट्रीताट यांचा मुद्दा घाला, की दोघांचा पसरण्याचा वेग वेगळा असल्याने चिलेशनने ती घटली असंही यावरून म्हणता येत नाही. लिगँडचा १० आणि अल्डिहाइडचा ११ एकमेकांना इतके चिकटून आहेत की लिगँडच्या झोनमागे त्याचं विघटन असण्याची शक्यता नोंदवा. नोंदवा म्हणतोय, ठाम विधान नको.

यूव्हीवर फार भार टाकू नका. पट्टा डीएमएसओमध्ये टिकला. अगारमध्ये अमिनो आम्लांच्या गर्दीत काय झालं ते त्याने सांगितलेलं नाही. रसायनाच्या अंगाने बघाल तर सॅलेन कॉपरला चार हातांनी धरतो, पाच-सहा कड्यांची तीन रिंगणं होतात, सहजी सोडत नाही. सोडत नसेल तर कॉम्प्लेक्सचा झोन मिठापेक्षा लहान येणं हे तुम्ही चांगलं कॉम्प्लेक्स केल्याचंच लक्षण असू शकतं. व्हायवाला हा मुद्दा स्वतःहून काढा.

कुणी म्हणालं की मग धातूची कॉम्प्लेक्स जंतूंवर तपासण्यात अर्थच नाही, तर २०२० चा को-ॲड या प्रतिजैविकं शोधणाऱ्या प्रकल्पाचा पेपर पुढे करा. जगभरातून आलेली ९०६ धातुसंयुगं एकाच पद्धतीने तपासली आणि त्यातली ८८ सूक्ष्मजीवांवर चालूनही सस्तन पेशींना आणि रक्तपेशींना अपायकारक ठरली नाहीत. नुसत्या सेंद्रिय रेणूंत यशाचं प्रमाण १ टक्क्याच्या आत होतं, धातूंत ९.९. विषय जिवंत आहे. आणि हो, त्यांनी मानवी पेशींवरची विषारीपणाची चाचणी सोबत लावली, म्हणून त्या आकड्याला किंमत. तुमच्याकडे ती नाही, तेव्हा निष्कर्षात "औषध म्हणून उपयुक्त" हे शब्द नकोत.

निकेल आणि झिंकच्या पुड्याही तशाच धुवा, त्यांचे ११ आणि १२ अजून जुन्या पुडीचे आहेत. अमोनिया तिथे कामाचा नाही: निकेलच्या गाळणाला डायमिथिलग्लायॉक्सिम, लाल साका येतो. झिंकच्या गाळणाला पीएच १० च्या बफरमध्ये एरिओक्रोम ब्लॅक टी, वाइनसारखा लाल रंग आला तर झिंक आहे, निळाच राहिला तर नाही. धुवायला साधं नाही, डिआयनाइज्ड पाणी वापरा, नाहीतर पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियमच लाल रंग देईल. झिंकचा एनएमआर पाठवणारच असाल तर डीएमएसओ-डी६ मध्ये पाठवा. लिगँडचा १३ पीपीएमच्या पुढचा ओएच गेलेला दिसला पाहिजे, ॲझोमेथाइनचा प्रोटॉन ८.४ च्या आसपास दिसला पाहिजे आणि १० च्या पुढे अल्डिहाइडचं काही दिसता कामा नये. २ पीपीएमच्या जरा खाली टोकदार सिंगलेट दिसला तर तो ॲसिटेट. पुन्हा धुवायला घ्या.